ज्या हातानं भट्टी पेटायची

चूक माझी होती. हे आधीच लिहून टाकतो, कारण ही हकीकत सांगताना मी नेहमी दुसरीकडूनच सुरुवात करत आलो आहे. कधी पोरांच्या भीतीपासून, कधी त्या टॅरोवाल्या मॅडमपासून. ऐकणारा मान हलवतो, ‘काय एकेक लोक असतात राव’ म्हणतो आणि मी सुटतो. एका भल्या माणसाला मी अपशकुनी ठरवलं. भर दिवसा, कंपनीच्या नोटीस बोर्डावर कागद लावून. गणपतीत सोसायटीच्या व्यासपीठावर अंधश्रद्धेविरुद्ध बोलणारा मीच तो.

डिसेंबर लागला की चाकणकडची हवा बदलते. सकाळी वाकडहून निघालो की मोशीच्या पुढे धुकं लागतं. ते नुसतं धुकं नसतं, त्यात चिमण्यांचा धूर मिसळलेला असतो. घशाला खवखव सुटते. टपरीवर नाईट शिफ्ट सुटलेली माणसं खोक्याच्या पुठ्ठ्यांची शेकोटी करून उभी असतात आणि पुठ्ठ्यावरची चिकटपट्टी जळताना जो उग्र वास येतो, तो माझ्यासाठी हिवाळ्याचा वास आहे. इतरांना हुरडा आठवत असेल. मला चिकटपट्टी आठवते, आणि सदूभाऊ.

यंदाही तो मेल आला. ‘ख्रिसमस सेलिब्रेशन. कॅन्टीनमध्ये केक, गेम्स आणि टॅरो रीडिंग. नावं नोंदवा.’ मेलच्या कोपऱ्यात लाल टोपी घातलेला हसरा म्हातारा होता. मी तो मेल तीनदा वाचला.

आमच्याकडे गिअरचे सुटे भाग तापवून कडक करतात. त्यासाठी एक लांबलचक भट्टी आहे, आडव्या झोपलेल्या रेल्वेच्या डब्यासारखी. ती दिवाळीला विझत नाही, गणपतीला विझत नाही. वर्षभर रात्रंदिवस तिच्या पोटात जाळ असतो. विझते ती फक्त डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. आमच्या कंपनीचे मालक परदेशातले. तिकडं नाताळात सगळं बंद, म्हणून इकडं शटडाऊन. कोण कुठला सण, पण आमची भट्टी त्याच्यासाठी थंड होते.

आणि ती एकदम विझवता येत नाही. तीन दिवस हळूहळू उतरवावी लागते. घाई केली तर आतल्या विटा तडकतात. चौथ्या दिवशी दार उघडून आत वाकलं की ओल्या मातीचा, जळक्या तेलाचा आणि आणखी कसला तरी वास येतो. मी पहिल्यांदा आत वाकलो होतो तेव्हा सहज म्हणालो होतो, “मेली वाटतं भट्टी.”

“न्हाई साहेब,” मागून आवाज आला होता. “झोपली म्हणायचं. मेली म्हणू नये.”

ते सदूभाऊ. चाकणच्या पलीकडच्या एका गावातले. जमिनीचा मोठा तुकडा एमआयडीसीत गेला, उरलेल्यात कांदा आणि बाजरी. कंपनी सुरू झाली त्या वर्षापासून भट्टीवर ऑपरेटर. शिक्षण आठवीपर्यंत, पण जाळाच्या आवाजावरून सांगायचे की कुठला बर्नर रुसलाय. मीटर नंतर तेच सांगायचा.

शटडाऊन संपलं की भट्टी पुन्हा पेटवायची, आणि तो मान सदूभाऊंचा होता. कुणी दिला नव्हता, आपोआप आला होता. लांब सळईला फडकं गुंडाळून मशाल करायची, नारळ वाढवायचा, कापूर लावायचा आणि पहिल्या बर्नरला जाळ दाखवायचा. सदूभाऊ टोपी नीट करायचे, मशाल कपाळाला टेकल्यासारखी करायचे आणि वाकायचे. आतून घुमल्यासारखा आवाज आला की सगळी शिफ्ट टाळ्या वाजवायची. परदेशातून आलेले पाहुणेसुद्धा मोबाईल वर करून उभे असायचे. अठरा वर्षं एकाच हातानं ती भट्टी पेटली.

चार वर्षांपूर्वीच्या त्या डिसेंबरात एचआरच्या मुलींनी कॅन्टीन सजवलं होतं. थर्माकोल किसून बर्फ केला होता, तो सांबारात पडत होता. प्लॅस्टिकच्या झाडावर चांदण्या. एका टेबलावर काळं कापड अंथरून, चित्रांच्या पानांवरून भविष्य सांगणाऱ्या टॅरोवाल्या मॅडम बसल्या होत्या. पंचविशीतली मुलगी, वाकडमध्येच राहणारी. आधी ऑफिसातले गेले, मग लाइनवरची पोरं. सदूभाऊंना पोरांनी ढकललंच.

“जा की सदूभाऊ, दुसरं लगीन हाय का बघा.”

“पहिलीला इचारून येतो,” म्हणत ते बसले. मॅडमनी पानं पसरली. सदूभाऊंनी एक उचललं आणि उलटं केलं.

मी मागेच उभा होतो, हातात केकची बशी घेऊन. चित्र मला स्पष्ट दिसलं. पांढऱ्या घोड्यावर बसलेला हाडांचा सापळा, अंगात चिलखत, हातात काळं निशाण. घोड्याच्या पायाशी एक राजा मरून पडलेला. खाली इंग्रजीत अक्षरं. एक पोरगं हळूच म्हणालं, “आयला, डेथ.”

सदूभाऊंनी पान लांब धरून पाहिलं. मग त्यांचा चेहरा खुलला.

“पांढरा घोडा! आवं, हा तर आमचा देवच की. परवाच तळी उचलून आलोय त्याची. जरा वाळलाय एवढंच.”

सगळं कॅन्टीन हसलं. मॅडमही हसल्या, पण घाईनं समजावू लागल्या. हे पान मरणाचं नाही, एक गोष्ट संपून दुसरी सुरू होण्याचं आहे, मागे बघा, दोन मनोऱ्यांच्या मध्ये सूर्य उगवतोय. सदूभाऊंनी सूर्य बघितला. “व्हय, हाय की,” म्हणाले. पान परत दिलं आणि केक घ्यायला गेले. त्यांच्यापुरती गोष्ट तिथंच संपली होती.

माझ्यापुरती सुरू झाली.

नंतर मी या सगळ्यावर पुष्कळ वाचलं. अपराध्याला वाचायला फार वेळ मिळतो. उत्तरेकडच्या देशांत डिसेंबरात दिवस इतका आखूड होतो, की सूर्य मेला असं जुन्या लोकांना वाटायचं. मग तो परत फिरला की दिवे लावायचे. हिरवं राहणारं एक झाड घरात आणायचं, सगळं मेलेलं नाही हे स्वतःला पटवायला. त्याच दिवसांत एका बाळाच्या जन्माचा सण. आपल्याकडेही सूर्य उत्तरेकडे वळायची वाट बघत बाणांच्या शय्येवर एक म्हातारा पडून राहिला होता. जगभर हिवाळ्यानं माणसाला एकच धडा दिलेला दिसतो: थांब, परत उजाडेल.

पण धडा पाठ असला तरी डोळा सापळ्यावरच जातो. पंचांगात दरवर्षी संक्रांतीचं वर्णन असतं. ती कशावर बसून येते, काय नेसली आहे, कुठल्या दिशेला बघते. ती ज्याच्याकडे बघेल त्याचं वाईट, नेसली असेल तो रंग त्या वर्षी नको. दिवस मोठा होऊ लागण्याचा, तीळगुळाचा, आनंदाचा सण, आणि आम्ही त्याच्याच नावानं म्हणतो, ‘अमक्यावर संक्रांत आली.’ टॅरोच्या पानाला नावं ठेवायचा आम्हाला काय अधिकार? आमच्या भिंतीवर बारा महिने तसलंच पान टांगलेलं असतं.

हे सगळं मला आता सुचतं. तेव्हा मी भ्यालो होतो. सहा महिन्यांपूर्वीच मी विभागप्रमुख झालो होतो. त्या शटडाऊनमध्ये भट्टीच्या आतल्या सगळ्या विटा नव्या बसवल्या होत्या आणि जानेवारीत मोठ्या ग्राहकाची तपासणी होती. त्यातच दिवाळीच्या सुमारास माझ्याच वयाचा एक सहकारी पार्किंगमध्ये स्कूटरला किल्ली लावता लावता खाली बसला, तो उठला नाही. तेव्हापासून मी मांजराला बिचकत होतो. बायकोला सांगत नव्हतो, पण घरातून निघताना उजवा पाय आधी टाकत होतो.

शटडाऊन संपायच्या आदल्या दिवशी मी बोर्डावर कागद लावला. दरवर्षी असायचा तसाच, हातानं लिहिलेली कामांची वाटणी. फक्त ‘पहिला बर्नर’ या ओळीपुढे सदूभाऊंचं नाव नव्हतं. मेंटेनन्सच्या इक्बालभाईंचं होतं.

लोकांना मी सांगत आलो, की पोरं घाबरली होती. ‘सर, यंदा सदूभाऊंच्या हातानं नको’ असं दोघं-तिघं येऊन म्हणाले, म्हणून मला शिफ्ट सांभाळावी लागली. हे खोटं आहे. एकही पोरगं आलं नव्हतं. ते वाक्य पहिल्यांदा उच्चारलं गेलं माझ्या केबिनमध्ये, माझ्याच तोंडून, इक्बालभाईंसमोर. पोरं त्यानंतर घाबरली. साहेबानं बदल केला म्हणजे काहीतरी असणार, एवढा साधा हिशेब त्यांनी केला.

इक्बालभाई भोसरीचे, सदूभाऊंचे डबा खायचे जोडीदार. त्यांनी ऐकून घेतलं आणि हात पुसत म्हणाले, “सर, गॅस मी सोडतो, व्हॉल्व मी बघतो, सांगाल ते करतो. पण मशाल सदूभाऊंची. ती मी धरली तर उद्या त्यांच्यासमोर डबा कसा उघडू?”

“अहो, नुसतं रोटेशन आहे.”

“मग रोटेशनमध्ये तुमचं नाव टाका.”

टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मीच मशाल धरली. सदूभाऊ नेहमीसारखे धुतलेली टोपी घालून आले होते. बोर्डाजवळ थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि वाचलं. मागे जाऊन खांबापाशी उभे राहिले. मला जाळ दाखवता येईना. गॅस आधी साठला आणि आतून धप्प आवाज झाला. पोरं दोन पावलं मागे सरली. मग भट्टी पेटली. टाळ्या वाजल्या, थोड्या. मी वळून बघितलं तेव्हा सगळ्यांची तोंडं भट्टीकडे नव्हती, खांबाकडे होती.

त्या धप्प आवाजाचं खापरही त्यांच्यावरच फुटलं. ‘नुसते उभे होते तरी असं झालं.’

मग जे झालं त्यातलं काहीच मोठं नव्हतं, आणि म्हणूनच ते कुणाला थांबवता आलं नाही. कंपनीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारची सीट रिकामी राहू लागली. नव्या मशीनची पूजा असली की कुणीतरी गोड आवाजात म्हणायचं, “सदूभाऊ, तुम्ही जरा पलीकडचं बघता का?” एकानं लग्नाची पत्रिका सगळ्यांना हातात दिली, त्यांची बाकावर ठेवली.

संक्रांतीला सदूभाऊ घरचे तिळाचे लाडू घेऊन आले. स्टीलचा मोठा डबा, दरवर्षीचा. लाइनवरून फिरले. सगळ्यांनी घेतले, ‘गोड बोला’ म्हणाले. दुपारी मी हात धुवायला गेलो तर बेसिनच्या बाजूच्या कचऱ्याच्या बादलीत लाडू पडले होते. दहा-बारा तरी असतील. न चावलेले, गोल.

मी बादलीत टाकला नव्हता. मी सुसंस्कृत. मी तो कागदात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवला होता, आणि विसरलो होतो. आठवड्यानं सदूभाऊ रजेच्या अर्जावर सही घ्यायला आले. पेन काढायला मी खण ओढला. कागद काळा झाला होता मुंग्यांनी. आम्ही दोघांनीही तो बघितला.

“असू द्या साहेब,” ते म्हणाले. “मुंग्यांना तरी ग्वाड लागला.”

मी चऱ्होलीचा. वडील गेले तेव्हा सातवीत होतो. त्यानंतरच्या संक्रांतीला आमच्याच घरी चुलतीचं हळदीकुंकू होतं. आईनं सगळ्या बायकांसाठी लाडू वळले होते आणि बायका आल्यावर ती दाराआड सरकली. कुणी हाकलली नव्हती. ती आपणहून एक पाऊल मागे गेली, इतक्या सराईतपणे, जणू तिला ते जन्मापासून येत होतं. मी तेव्हा ठरवलं होतं, मोठा झाल्यावर हे मोडीन. मोठा झालो आणि एका पुरुषाला दाराआड उभं केलं.

पुढच्या मार्गशीर्षात इक्बालभाईंनी मला कॅन्टीनमध्ये गाठलं. सदूभाऊंच्या वाडीत खंडोबाचं लहानसं देऊळ आहे. चंपाषष्ठीला तिथं तळी उचलतात. ताटात नारळ, पानं, भंडारा, आणि पाच जण मिळून येळकोट करत ते ताट उचलतात. त्या पाचांत सदूभाऊ कायम असायचे, त्यांच्या बापाच्या जागेवर. वाडीतली चार पोरं आमच्याच कंपनीत आहेत. त्यांच्याबरोबर कंपनीतली गोष्ट घरी पोचली होती. त्या वर्षी पाचव्या जागी दुसरंच कुणी उभं राहिलं.

“त्यांना बोलावलंच नाही, सर,” इक्बालभाई म्हणाले. “ते देवळाबाहेर चपला सांभाळत बसले.”

मी म्हणालो, “अरेरे.” एवढंच म्हणालो. सदूभाऊंनी चार महिन्यांनी वेळेआधीच निवृत्ती घेतली. निरोपसमारंभ नको म्हणाले. मला बरं वाटलं, हेही लिहिलं पाहिजे.

यंदाचा तो लाल टोपीवाला मेल आला त्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. अंगणात बाजरीची कणसं वाळत होती. मागच्या बाजूला आता कुठल्याशा गोदामाची निळी भिंत उभी आहे, तिची सावली दुपारपासूनच अंगणात येते. वहिनींनी ओळखलं, पाणी दिलं. सून आत बाळाला झोपवत होती. महिन्याची नात.

“घेतलं का आजोबांनी?” मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

वहिनी दारातच थांबल्या. “कुठलं घेत्यात. बारशालाबी न्हाई घेतलं. माझा हात नको म्हणत्यात. पेरणीला मूठ धरत न्हाईत, गाईला पयला घास देत न्हाईत. येड लागलंय.”

सदूभाऊ खाटेवर होते. वाळले होते. दोन्ही हात चादरीत. मी येताना मनात वाक्यं जुळवत आलो होतो, ती सगळी त्या चादरीकडे बघून गेली. पान उलटल्यावर सगळ्या कॅन्टीनला हसवणारा माणूस हा. त्याला पानानं काही केलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला रोज थोडं थोडं पटवलं होतं, आणि शेवटी त्याला पटलं होतं. विटा हळूहळू थंड कराव्या लागतात तसं. आम्ही घाई केली नव्हती.

मी जमिनीवर बसलो. सांगितलं सगळं. कुणी पोरगं आलं नव्हतं, मीच भ्यालो होतो, नाव मीच वगळलं. ते ऐकत होते. मध्येच गोदामात ट्रक मागे घेतल्याचा पिकपिक आवाज येत राहिला.

“म्हाईत हाय मला,” ते शेवटी म्हणाले. “त्याच दिवशी कळलं हुतं. तुमचं अक्षर वळखतो की मी.”

“माफ करा, सदूभाऊ.”

“मला एकट्याला सांगून काय उपेग साहेब? मला ठाऊकच हुतं. ज्यांना ठाऊक न्हाई, त्यांना सांगायचं.”

रागानं नाही म्हणाले. बर्नर कुठला बिघडलाय हे सांगायचे त्या आवाजात म्हणाले. मी उठलो. वहिनींनी चहा ठेवला होता, तो न घेता निघालो आणि आळंदीच्या रस्त्याला लागल्यावर गाडी बाजूला घेऊन बराच वेळ बसून राहिलो. ऊन होतं, पण काच वर केली तरी थंडी जाईना. चारचौघांत सांगायचं म्हणजे ज्यांच्यासमोर मी साहेब आहे त्यांच्यासमोर. ज्या चार पोरांची रजा मी मंजूर करतो त्यांच्यासमोर. बंद खोलीत गुडघे टेकणं सोपं होतं, हे मला त्या गाडीत कळलं.

चार दिवसांनी चंपाषष्ठी होती. मी रजा टाकली आणि इक्बालभाईंना बरोबर घेतलं. त्यांनीही सुट्टी टाकली, कशासाठी जायचंय ते मला विचारलं नाही. वाडीत घराघरातून भरताची वांगी भाजल्याचा वास येत होता. चार महिने बंद असलेलं वांगं आणि कांदा आजपासून ताटात. देवळापुढे पन्नास-साठ माणसं, भंडाऱ्यानं सगळ्यांची कपाळं पिवळी. आमच्या कंपनीतली पोरं मला बघून गडबडली. एकानं खुर्ची आणली. दुसरा म्हणाला, “सर, तुम्ही इकडं कसे? पुढं या, पुढं या.”

सदूभाऊ भिंतीला टेकून उभे होते, मागं, चपलांच्या ढिगापाशी. हात पाठीमागं बांधलेले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

ताट भरून झालं. चौघं पुढे आले, पाचवा पुढे यायला निघाला. तेव्हा मी खुर्चीवरून उठलो आणि पुजाऱ्याला म्हणालो, मला दोन मिनिटं बोलायचं आहे. मला भाषणाची सवय आहे. तरी पहिलं वाक्य मी खाली बघतच पुटपुटलो. कुणीतरी मागून ओरडलं, “मोठ्यानं बोला की!” तेव्हा मी मोठ्यानं बोललो.

“मी या पोरांच्या कंपनीत भट्टी विभागाचा साहेब आहे. चार वर्षांपूर्वी एका खेळात सदूभाऊंच्या हाती एक चित्राचं पान आलं. त्या पानाला मी भ्यालो. दुसरं कुणीही भ्यालं नव्हतं. सदूभाऊंचं नाव मी काढलं आणि ते पोरांमुळे काढलं असं खोटं सांगत फिरलो. त्या दिवशी भट्टीत आवाज झाला तो माझ्या हातून झाला, मला पेटवता येत नव्हती म्हणून. यांनी वाटलेला तीळगूळ मी खाल्ला नाही. तुम्ही यांना या ताटापासून लांब ठेवलंत, ते माझ्यामुळे. सदूभाऊ, तुमच्या हातात वाईट काही नव्हतं, कधीच नव्हतं. वाईट माझ्या मनात होतं आणि ते मी तुमच्या हाताला लावलं. हे सांगायला मला चार वर्षं लागली, तीही माझीच चूक. मी या सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो.”